छतातली गळती आणि एक किलोबाइटची वही : प्रकल्प नोंदी

९ जुलै, रात्री ११.४०

बाहेरच्या खोलीच्या छतातून पाणी येतंय. आधी टपटप ऐकू आली, मग दिव्याच्या बैठकीभोवती ओली कड दिसली. सगळ्यात आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मुख्य पेटीतला वीज तोडणारा खटका, खाली केला. दिव्याच्या जोडणीत पाणी शिरल्याची शंका असेल तर भिंतीवरच्या बटणालाही हात लावू नये, थेट मुख्य पेटीकडे जावं. बाकीचं टॉर्चच्या उजेडात.

दिव्यापासून हातभर अंतरावर रंगाला पाण्याचा फुगा आला होता. खाली बादली ठेवली, स्वतः बाजूला उभी राहिले आणि स्क्रूड्रायव्हरने फुग्याच्या तळाशी बारीक भोक पाडलं. दोनेक लिटर पाणी निघालं. ते तसंच राहिलं असतं तर वजनाने रंगासोबत गिलाव्याचा थरही खाली आला असता. ठिबकणाऱ्या जागी सुतळीचं टोक चिकटवून दुसरं टोक बादलीत सोडलंय. पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतंय, शिंतोडे उडत नाहीत.

१० जुलै

सकाळी डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. सर्वांत रुंद जागी ६२ सेंटिमीटर.

जो येतो तो सांगतो, पाऊस आहे, बाहेरच्या भिंतीतून झिरपत असणार. असेलही. पण डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी स्लॅबच्या आतल्या भेगेतून, कधी वायरींच्या नळीतून सरकत जातं आणि पहिलं भोक मिळेल तिथे खाली उतरतं. हे भोक बहुतेक वेळा दिव्याचंच असतं. म्हणजे गळती कुठे आहे हे खालून बघून कळणार नाही. कधी होते हे मात्र कळू शकतं, आणि त्यावरून संशयित वेगळे करता येतात. दाबाखालची पाण्याची लाइन फुटली असेल तर ओल दिवसरात्र सारखीच वाढेल. सांडपाण्याची लाइन किंवा बाथरूमची फरशी असेल तर वापरानंतर वाढेल, रात्री शांत राहील. पाऊस असेल तर पावसामागोमाग, थोड्या उशिराने.

म्हणून मोजायचं ठरवलं. खणात एटीमेगा३२८पी चिपचा एक जुना बोर्ड, म्हणजे प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट, पडून आहे. तांब्याच्या चिकटपट्टीच्या तीन जोड्या छताला लावल्या: ‘अ’ दिव्याजवळ, ‘ब’ वरच्यांच्या बाथरूमखाली, ‘क’ बाहेरच्या भिंतीलगत. स्क्रू मारले नाहीत, कारण स्लॅबमधून वायरींच्या नळ्या कुठून गेल्यात हे मला माहीत नाही. बोर्ड बॅटरीवर चालेल, ओल्या छताजवळ घरातली वीज नको. पट्ट्यांना वीज फक्त वाचन घेण्याच्या क्षणी मिळेल. सतत दिली तर तांबं गंजतं आणि आकडे भरकटतात.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते. पट्ट्यांमधून वीज जितकी जास्त वाहते तितका मोठा आकडा बोर्डवर येतो, पण हा ० ते १०२३ मधला आकडा म्हणजे ओलीची टक्केवारी नव्हे. गिलाव्यातून विरघळलेले क्षारही वीज वाहून नेतात. मला फक्त चढ, उतार आणि त्यांची वेळ हवी आहे.

१२ जुलै

आजचा सगळा दिवस साठवणुकीच्या हिशेबात गेला.

या चिपमध्ये वीज गेल्यावरही टिकणारी जागा, म्हणजे ईप्रॉम, १०२४ बाइट. हीच माझी वही. दर दोन मिनिटांनी वाचन घ्यायचं म्हणजे दिवसाला ७२० ओळी. सरळ लिहिलं तर प्रत्येक ओळीला वेळेचे ४ बाइट आणि तीन वाचनांचे प्रत्येकी २, एकूण १० बाइट. १०२ ओळींत वही भरली. ३ तास २४ मिनिटं. एक रात्रसुद्धा नाही.

प्रोग्राम एआय सहायकाकडून लिहून घेत आहे. त्याची पहिली सूचना होती दर तासाची सरासरी ठेवायची: २४ तास, ३ पट्ट्या, २ बाइट, दिवसाला १४४ बाइट. आठवडा जेमतेम बसेल. सूचना नेटकी होती, पण मी ती घेतली नाही. माझा प्रश्नच ‘कधी’ हा आहे, आणि तासाच्या सरासरीत नेमकं तेच विरघळून जातं. सहायकाची यात चूक नाही. मी त्याला जागा किती आहे ते सांगितलं होतं, मला काय विचारायचंय ते सांगितलंच नव्हतं.

ते सांगितल्यावर त्याने काळानुसार येणाऱ्या आकड्यांसाठीच्या ‘गोरिला’ पद्धतीचा उल्लेख केला. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये मांडलेली ही पद्धत १६ बाइटचा एक मोजमाप-बिंदू सरासरी १.३७ बाइटांवर आणते. वाचायला फार सुंदर आहे, पण ती दशांश संख्यांच्या बिटांवर काम करते आणि तिथे दर ठोक्याला नवं मोजमाप येत असतं. माझ्याकडे दहा बिटांचे पूर्णांक आहेत आणि बहुतेक वेळ काहीच घडत नाही. मग न घडलेलं लिहायचंच कशाला?

शेवटी ठरलेली रचना: आकडा ४ पेक्षा जास्त बदलला तरच नोंद. वेळ लिहायची नाही, मागच्या नोंदीनंतर किती वाचनं गेली तेवढंच एका बाइटात. वाचनं ठरावीक अंतराने होतात, त्यामुळे मोजणी हीच वेळ. त्यापुढे बदल किती आणि कोणत्या पट्टीचा. बदल उणेही असतो, आणि उणे संख्या जशीच्या तशी साठवली तर छोटा आकडाही मोठी जागा अडवतो. त्यासाठी झिगझॅग मांडणी: ० चा ०, −१ चा १, १ चा २, −२ चा ३, अशी पुढे. शून्याच्या जवळचं सगळं, अधिक असो वा उणे, लहान आकड्यांत येतं. या आकड्याला चारने गुणून पट्टीचा क्रमांक त्यात मिळवायचा आणि तो व्हॅरिंट पद्धतीने लिहायचा. प्रत्येक बाइटात सात बिट मजकुराचे, आठवा बिट ‘अजून पुढे आहे’ असं सांगणारा. उदाहरणार्थ ३०० लिहायचे तर १७२ आणि २ असे दोन बाइट होतात. −१६ ते १५ पर्यंतचा बदल एका बाइटात बसतो, त्याहून मोठा कुठलाही दोन बाइटांत. म्हणजे नोंद दोन किंवा तीन बाइटांची.

अंतर १२७ वाचनांवर पोचलं आणि तोवर काही बदललं नसेल तर शून्य बदलाची रिकामी नोंद लिहायची. १२७ वाचनं म्हणजे ४ तास १४ मिनिटं. याने दोन कामं होतात. छत कोरडं आहे की बोर्ड बंद पडलाय, हे वेगळं कळतं. ही शांतता वाचता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरं, नोंदीचा पहिला बाइट कधीच १२७ च्या वर जात नाही. पुसलेल्या ईप्रॉममध्ये प्रत्येक बाइट २५५ असतो, तेव्हा नोंदीच्या जागी २५५ दिसला की वही तिथे संपली. ‘कुठवर लिहिलंय’ हे वेगळं साठवायला नको. तसा एक बाइट ठेवला असता तर तोच पुन्हा पुन्हा लिहिला गेला असता, आणि ईप्रॉमच्या प्रत्येक बाइटाची हमी १ लाख लेखनांची असते. बॅटरी बदलून बोर्ड पुन्हा सुरू झाला की २५४ लिहायचा. पाने संपत नाहीत तोवर हे नियम पुरतील.

१३ जुलै

लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास. बोर्डवर चढवलं, तर उणे बदल वेडेवाकडे परत येऊ लागले. −३ लिहिलं की वाचताना भलतंच.

तीन तासांनी सापडलं. झिगझॅगच्या प्रचलित सूत्रात चिन्ह काढण्यासाठी संख्या ३१ बिट उजवीकडे सरकवतात. लॅपटॉपवर साधा पूर्णांक ३२ बिटांचा, त्यामुळे बरोबर. या चिपच्या कंपायलरमध्ये (प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनात) तो १६ बिटांचा आहे. सोळा बिटांची संख्या एकतीस जागा सरकवली तर काय मिळेल याची सी भाषा कसलीच हमी देत नाही. तिथे १५ हवेत. सहायकाने सर्वत्र आढळणारं सूत्र दिलं, आणि कोणत्या चिपसाठी हे मी त्या विनंतीत पुन्हा लिहिलं नव्हतं. कंपायलरने इशारा दिला असता, पण इशारे दाखवण्याची सोयच बंद होती. आता चालू केली आहे आणि तशीच राहील.

चाचणीही बदलली. −१०२३ ते १०२३ हे सगळे २०४७ बदल, तिन्ही पट्ट्यांसाठी, म्हणजे ६१४१ वेळा लिहून परत वाचायचे, आणि तेही बोर्डवरच. जिथे चालणार तिथेच तपासायचं. पास झालं.

रात्री पाऊस. बादलीत बोटभर पाणी.

१६ जुलै

आज सकाळी शिडीवर चढून पाहिलं तर डाग पेन्सिलच्या रेघेच्या चार बोटं पलीकडे गेला होता, बाथरूमच्या दिशेला. वही मात्र म्हणत होती की ‘ब’ पट्टीवर रात्रभर काहीही झालेलं नाही. रिकाम्या नोंदी वेळच्या वेळी आलेल्या, म्हणजे बोर्ड जागा होता. बोर्ड लॅपटॉपला जोडून ‘ब’चं थेट वाचन पाहिलं: २६८. वहीतल्या नोंदींची बेरीज केली: २१२.

छप्पन्नचा फरक नऊ तासांत नोंदीविना निसटला होता.

कारण माझ्याच वाक्यात होतं. मी सहायकाला लिहिलं होतं, “मागच्या वाचनापेक्षा चारपेक्षा जास्त फरक पडला तरच लिही.” माझ्या मनात ‘मागे लिहून ठेवलेल्या वाचनापेक्षा’ होतं. त्याने शब्दशः दोन मिनिटांपूर्वीच्या वाचनाशी तुलना केली. ओल हळूहळू चढत गेली, पाचेक वाचनांना एक असा आकडा वाढला. कोणतीही एक पायरी चारपेक्षा मोठी नव्हती, आणि सगळा जिना दिसेनासा झाला. गळती अशीच तर चढते. धो धो पडणारं पाणी कुणालाही दिसतं, हे हळू चढणारं पकडण्यासाठीच तर सगळा खटाटोप.

तुलना आता शेवटच्या लिहिलेल्या किमतीशी. अशाने वहीतून उभा केलेला आकडा खऱ्या आकड्यापासून चारपेक्षा जास्त दूर कधीच जाऊ शकत नाही. नव्या चाचणीत ० पासून १०२३ पर्यंत एकेक पायरी चढणारी खोटी ओल बोर्डला पाजली आणि प्रत्येक पायरीला हा फरक तपासला. आधीच्या चाचण्यांत मी सगळे बदल तपासले होते, त्यांचा सावकाशपणा तपासला नव्हता.

१३ ते १६ चा मजकूर टाकून दिला. वही पुसली, सकाळी ९ पासून नवी सुरुवात. बोर्ड चालू केला तेव्हाची फोनवरची वेळ कागदावर लिहिली.

छतावर दुसरी रेघ, तारखेसह. या रेघा काढायचं सोडणार नाही.

१७ जुलै

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन आले. थोडं अवघड वाटत होतं, वर गेलं की तक्रार घेऊन आल्यासारखं होतं. डागाचे फोटो दाखवले आणि विचारलं, “काकू, आठवडाभर बाथरूम कधी वापरलं ते एका कागदावर लिहून ठेवाल का? मशीन लावलं की तेही.” त्या लगेच हो म्हणाल्या. नळ सगळे बंद करून दोन तास त्यांचं पाण्याचं मीटर पाहिलं. काटा जागचा हलला नाही. दाबाखालची लाइन संशयितांतून बाहेर.

२२ जुलै

सहा दिवस झाले. ३५८ नोंदी, ८७१ बाइट. वही लॅपटॉपवर उतरवली.

आता हे सहायकाला दाखवायचं होतं, आणि इथे जागेचा हिशेब पूर्ण उलटा निघाला. आधी प्रत्येक नोंद जेसनमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला नाव देणाऱ्या मजकूर-मांडणीत दिली, ‘वेळ’, ‘जागा’, ‘वाचन’ अशी नावं लावून. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटांचं. ही तीन नावं मिळून ३३ बाइट, आणि ती दर ओळीत पुन्हा. नुसत्या नावांचे ११,८१४ बाइट झाले, तेही ८७१ बाइटांच्या माहितीसाठी. मग दुसऱ्या टोकाला गेले: मूळ बाइट बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या सलग ओळीत बदलून दिले, ११६४ अक्षरं. सहायकाने ती उलगडून सांगितली, ठामपणे, आणि तिसऱ्याच नोंदीपासून चूक. सहायकामागचं भाषेचं प्रारूप (लँग्वेज मॉडेल) मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत वाचतं. बिट सरकवून मोजणं हे त्याचं वाचन नव्हे. चिपसाठी जे सर्वांत लहान तेच या वाचकासाठी सर्वांत दुर्बोध.

मधला मार्ग चालला. शीर्षक एकदाच, खाली स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या ओळी, आणि उलगडण्याचं काम माझ्या तपासलेल्या प्रोग्रामने आधीच केलेलं. शिवाय त्याला उत्तर विचारलं नाही, उत्तर काढणारा प्रोग्राम लिहायला सांगितला: प्रत्येक चढाची सुरुवात शोध, काकूंच्या कागदावरच्या जवळच्या आधीच्या वेळेपासूनचं अंतर काढ. हा प्रोग्राम मी वाचू शकते, पाच ठिकाणी हाताने पडताळू शकते. पडताळला.

पहिल्या निकालात एक विचित्र गोष्ट दिसली. ‘ब’चा सकाळचा चढ रोज सरासरी तीन मिनिटं पुढे सरकत होता. कुणी आंघोळीला असं रोज तीन-तीन मिनिटं उशिरा जात नाही. बोर्डवरच्या सिरॅमिक रेझोनेटरची, म्हणजे चिपला वेळेचा ठोका देणाऱ्या भागाची, चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. कागदावरची सुरुवातीची वेळ आणि आजची फोनची वेळ पाहता बोर्ड सहा दिवसांत १८ मिनिटं पुढे गेला होता. तेवढं समप्रमाणात वजा केल्यावर सगळे चढ एका ओळीत आले.

२३ जुलै

काय दिसतंय ते सविस्तर लिहिते, कारण उद्या वर जाऊन हेच सांगायचंय.

‘ब’ रोज सकाळी चढतो, वरची पहिली आंघोळ झाल्यानंतर ४० ते ५५ मिनिटांनी. ‘अ’ त्यानंतर तासाभराने, कमी. ‘क’ सहा दिवसांत जवळजवळ हललाच नाही. १९ आणि २० तारखेला पाऊस नव्हता, तरी चढ तेवढाच. म्हणजे पाणी बाथरूमकडून दिव्याकडे येतं, बाहेरच्या भिंतीशी त्याचा संबंध नाही.

त्याहून बोलका आहे तो न आलेला चढ. काकूंनी दोनदा दुपारी कपड्यांचं मशीन लावलं. मशीनची नळी सांडपाण्याच्या पाइपात थेट जाते, फरशीवर पाणी येत नाही. दोन्ही दुपारी ‘ब’ शांत. मशीनने एवढं पाणी सोडूनही पाइपाखाली ओल येत नाही, म्हणजे पाइप धड आहे. पाणी फरशीवर पडतं तेव्हाच झिरपतं.

याच नोंदींची तासाची सरासरी काढून पाहिली. सकाळी सहापासून अकरापर्यंत एक पसरट उंचवटा. ४० मिनिटांचं अंतर गायब, आणि दुपारची शांतता सकाळच्या उताराखाली झाकलेली. त्या आलेखावरून मीही पाऊसच म्हटलं असतं.

२६ जुलै

काकू आणि प्लंबर, दोघांच्या समोर चाचणी. आधी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाइपात उतरतं त्या तोंडात, नळीने थेट पाणी सोडलं, वीस मिनिटं, फरशीला थेंब न लागू देता. दीड तास थांबलो. ‘ब’ शांत. मग ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर पाच सेंटिमीटर पाणी साठवलं. ५० मिनिटांनी ‘ब’ चढू लागला. साठवलेलं पाणी २४ तास ठेवायचं ठरलं होतं, पण तिसऱ्या तासाला खाली थेंब पडू लागल्यावर सोडून दिलं.

प्लंबरने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकत नेली. ट्रॅपच्या कडेला आवाज पोकळ. सांध्यातलं ग्राउट, म्हणजे फट भरणारा मसाला, जवळपास संपलेलं, नखाने उकरता येत होतं.

३१ जुलै

दुरुस्ती झाली. ट्रॅपभोवतीची फरशी काढली, सांधा उकरून न आकसणाऱ्या ग्राउटने भरला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर वीतभर वरपर्यंत. कोपऱ्यातच कोट संपवला तर पाणी त्याच्यामागे शिरतं. काकूंचं बाथरूम आठवडाभर बंद.

७ ऑगस्ट

पुन्हा पाणी साठवलं, या वेळी पूर्ण २४ तास. ‘ब’मध्ये चढ नाही. वहीत सहा रिकाम्या नोंदी आणि चार उतरत्या. रिकाम्या नोंदी पाहून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

छतावर पांढरा खार फुटलाय. पाणी आटताना क्षार वर येतात, त्यामुळे ही सुकण्याची खूण आहे. कोरड्या ब्रशने झाडला. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून परत आत जातात.

फुगा होता तिथला गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजला. गवंड्याने तळहाताएवढा काढला. आतल्या सळईवर वरवरचा गंज आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आतून काँक्रीट फोडत जातो, म्हणून हे वेळेत दिसलं ते बरं. तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक थर दिला. रंग लगेच द्यायचा नाही यावर आमचं दोघांचं एकमत.

४ सप्टेंबर

तुलनेसाठी दुसऱ्या खोलीच्या कोरड्या छतावर एक पट्टी लावली होती, तिथे आकडा ४३. ‘अ’ ४४. ‘ब’ ५८ आणि दिवसाला साधारण एकाच्या गतीने उतरतोय. या गतीने दर चार-पाच दिवसांनी एक नोंद होते. तुलना अजून मागच्या वाचनाशीच असती तर ही उतरण वहीत आलीच नसती.

१९ सप्टेंबर

‘ब’ ४५, गेले चार दिवस तेवढाच. दिव्याची जोडणी वायरमनने उघडून तपासली, एक गंजलेला कनेक्टर बदलला, मग एमसीबी वर केला. बहात्तर दिवसांनी त्या खोलीत दिवा लागला.

गवंडी उद्या येतोय, डाग दाबणारा प्रायमर आधी आणि मग रंग. ‘अ’ आणि ‘क’ काढल्या. ‘ब’ ठेवते आहे, रंग तिच्या कडेने मारायला सांगितलंय. बॅटरी बदलली, वहीत २५४ पडला, आणि सुरुवातीची वेळ कागदावर लिहिली: सायंकाळी ६.१२.